एका बुटातल्या दोघी

डेअरीच्या धुलाई विभागात बायका सव्वीस होत्या आणि रबरी बुटांचे जोड तेरा. हे कुणी डोकं लावून ठरवलं होतं असं नाही. कधीकाळी कुण्या साहेबाने तेरा जोड मागवले, तेवढ्यात भागलं, आणि भागतंय म्हटल्यावर साहेब लोक पुन्हा कशाला त्या भानगडीत पडतात? सकाळी सहा ते दोन एकीने घालायचे, दोन ते रात्री दहा दुसरीने. ज्या दोघींचं माप सारखं, त्यांचा एक जोड. काम दुधाचे क्रेट धुण्याचं. आठ तास गरम पाणी, सोडा आणि घोट्यापर्यंत फेस. बूट कितीही चांगला असो, आत पाणी जातंच.

बायकांनी या नात्याला नावही ठेवलं होतं. आपल्या बुटात जी पाय घालते ती आपली बूटसवत. "माझ्या सवतीने आज बूट पुसलेच नाहीत गं," असं कुणी म्हणालं की हशा पिकायचा. नव्या मुलींना सुरुवातीला लाज वाटायची, पण महिनाभरात त्याही सवतीच्या तक्रारी सांगायला लागायच्या.

मास्तरीण आणि रेडिओ या दोघी एकमेकींच्या बूटसवती, अकरा वर्षांपासूनच्या. मास्तरीण सकाळच्या पाळीची, रेडिओ दुपारच्या. मास्तरीण शिकलेली सातवीपर्यंत, पण तिचा नवरा एका शाळेत हेडमास्तर होता म्हणून ते नाव तिला चिकटलं. रेडिओला रेडिओ का म्हणायचे हे सांगायला नको; ती दारातून आत यायच्या आधी तिचा आवाज आत यायचा. दोघींची गाठ पडायची ती पाळी बदलताना, कपडे बदलायच्या खोलीत, पंधरा मिनिटं. त्या पंधरा मिनिटांत रेडिओ अंथरुणाला खिळलेल्या वडिलांच्या खोकल्यापासून शेजारणीच्या भांडणापर्यंत सगळं सांगून मोकळी व्हायची. मास्तरीण बूट धुवायची, आतून फडक्याने पुसायची, थोडी पावडर टाकायची आणि "हं" म्हणायची.

रात्री मात्र बूट वाळवायची जबाबदारी रेडिओची. ती घरून वर्तमानपत्राची रद्दी आणायची आणि पाळी संपली की कागदाचे बोळे करून बुटांत ठासून भरायची, म्हणजे सकाळपर्यंत ओल ओढली जाते. बाकीच्या बायका कधी भरायच्या, कधी विसरायच्या. रेडिओ एकदाही विसरली नाही. शिवाय सर्वांत वरचा बोळा नेहमी राशिभविष्याच्या पानाचा. मास्तरीण सकाळी पावणेसहाला बाकावर बसून तो बोळा उलगडायची, शिळं भविष्य वाचायची आणि मगच बुटात पाय घालायची. अकरा वर्षांत त्या कागदांनी तिला किती परदेशवाऱ्या आणि किती अचानक भेटी देऊ केल्या, काही मोजदाद नाही.

तर अशा या मास्तरणीच्या उजव्या पायाच्या अंगठ्याचं नख एका वर्षी पिवळं पडायला लागलं.

आधी तिने लक्षच दिलं नाही. पायाच्या नखाकडे कोण बघत बसतं? मग नख जाड झालं, कडेने भुसभुशीत झालं, खाली पांढरा भुगा साठायला लागला. शेजारच्या दोन बोटांनाही तेच. तिने लिंबू चोळून पाहिलं, व्हिनेगरच्या पाण्यात पाय बुडवून पाहिले, कुणीतरी सांगितलं म्हणून लसूण ठेचून बांधला. नखाला काही फरक पडला नाही, घराला मात्र आठवडाभर लसणाचा वास येत राहिला.

"तुमच्या त्या एका बुटात दोघी पाय घालता," सर म्हणाले, "दुसरं काय होणार?"

सर म्हणजे तिचा नवरा. तोंडावर ती त्यांना अहो म्हणायची, पण माघारी सगळ्यांसारखी तीही सरच म्हणायची. शाळा बंद पडली त्याला आता बारा वर्षं झाली होती. त्यानंतर सरांनी दुसरं काम धरलं नाही, कारण योग्यतेचं काम कुणी दिलं नाही, आणि योग्यतेचं म्हणजे कोणतं हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. घर मास्तरणीच्या पगारावर चालायचं आणि सरांच्या शिस्तीवर. शाळेत असताना दर सोमवारी प्रार्थना झाली की ते मुलांची नखं तपासायचे. नखात मळ दिसला की पट्टीची कड बोटांवर. तेव्हाचे विद्यार्थी आता बाप्ये झालेत, तरी रस्त्यात सर दिसले की हात पाठीमागे घेतात. सर हे मोठ्या अभिमानाने सांगायचे. टॉवेल वेगळा, साबण वेगळा, पेला वेगळा. आणि पायांत बारा महिने तेरा त्रिकाळ पायमोजे. पंधरा वर्षांपूर्वी एका तापानंतर त्यांनी ते जे चढवले ते झोपतानाही काढले नाहीत. पायांना गारठा सोसत नाही म्हणायचे.

शेवटी ती कातडीच्या डॉक्टरकडे गेली. डॉक्टरीण लहान होती, तिच्या मुलीच्या वयाची. तिने नख थोडं खरवडून तपासायला पाठवलं, आठ दिवसांनी पुन्हा बोलावलं आणि सांगितलं, "काकू, बुरशी आहे. घाबरायचं कारण नाही, पण हिला घाईचं औषध नाही. अंगठ्याचं नख पूर्ण नवं यायला वर्ष लागतं, कधी दीड वर्ष. तीन महिने गोळ्या घ्यायच्या, मधे रक्त तपासायचं, यकृतावर ताण येत नाही ना ते बघायला. वरून हे लावायचं. पाय कोरडे ठेवायचे, बोटांच्या बेचक्यांतसुद्धा. मोजे सुती, रोज बदलायचे आणि गरम पाण्यात धुवायचे. ओल्या फरशीवर अनवाणी फिरायचं नाही. नेलकटर स्वतःचं वेगळं. आणि घरात आणखी कुणाला आहे का?"

"नाही हो. आमचे सर फार स्वच्छ."

"तरी एकदा घेऊन या त्यांना. एकाला बरं करायचं आणि दुसऱ्याकडून परत घ्यायचं, असं फार होतं."

"कामावर एका बुटात दोघी असतो आम्ही," मास्तरीण म्हणाली.

"तिथूनही येऊ शकते. कुठून आली हे मी छातीठोकपणे नाही सांगू शकत. दोघींना वेगळे बूट मिळाले तर बरंच."

ती घरी आली आणि तिने सरांना सांगितलं ते एवढंच, की वेगळे बूट मागायला हवेत. डॉक्टरने तुम्हालाही बोलावलंय हे सांगायला तिची जीभ रेटली नाही. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांची नखं तपासली त्याला नखं दाखवायला चला कसं म्हणायचं?

अर्ज सरांनीच लिहिला. अक्षर मोत्यासारखं, शुद्धलेखनाची एक चूक नाही. मला वेगळे बूट मिळावेत, एवढंच तिला हवं होतं. पण अर्ज एका पानाचा झाला, आणि मधे एक ओळ होती: माझ्यासोबत सदर बूट वापरणाऱ्या सहकारी महिलेच्या पायास संसर्ग असल्याचे दिसून येते.

त्या ओळीवर मास्तरीण अडली. "अहो, हे कशाला?"

"कारण नसलेला अर्ज कचऱ्यात जातो. तूच म्हणालीस ना तिचं नख काळं पडलंय?"

म्हणाली होती. पण ते काळं कशाने पडलं हेही तिला माहीत होतं. तीन आठवड्यांपूर्वी पाळी संपली तरी ती बूट काढायला गेली नव्हती, हातातले क्रेट संपवत बसली होती. रेडिओ तिला हाक मारायला अनवाणीच फरशीवर आली आणि क्रेटची चळत घसरून तिच्या डाव्या अंगठ्यावर पडली. क्रेट उचलणारी मास्तरीणच होती. अंगठ्याला आपला रुमाल बांधणारीही तीच. रेडिओ तेव्हा रडता रडता हसत म्हणाली होती, "सवतीने शेवटी माझा पाय मोडलाच बघा."

हे सगळं तिला आठवत होतं. तरी तिने सही केली. का केली, तर सर समोर पेन उघडं धरून उभे होते. आणि खरं सांगायचं तर, आपल्या पायाला लागलेली घाण दुसऱ्या कुणाची तरी आहे, हे ऐकायला बरं वाटतं म्हणूनही केली.

सुपरवायझरला असा अर्ज म्हणजे आयतंच कोलीत. वरून तपासणी व्हायची होती, कुणाला तरी कडक वागल्याचं दाखवायचं होतं. त्याने दुपारच्या पाळीच्या बायकांना ओळीने बाकावर बसवलं, मोजे काढायला लावले आणि हातात वही घेऊन एकेकीचे पाय बघत गेला. डॉक्टर नाही, कंपाउंडर नाही, हा बघणार. रेडिओचा काळा अंगठा दिसला आणि तो थांबला.

"साहेब, हे लागलंय. क्रेट पडला होता."

"अर्ज आलाय तुझ्याबद्दल. दुधाचं काम आहे, खेळ नाही. दाखला घेऊन ये, मग ये."

रेडिओ कंत्राटी होती. अकरा वर्षं कंत्राटी. डॉक्टरचा दाखला तिने आठ दिवसांत आणला: मार लागल्याने नखाखाली रक्त साकळले आहे, संसर्ग नाही. तोवर तिच्या जागी दुसरी मुलगी उभी होती. सुपरवायझर म्हणाला, जागा भरली. त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास वॉचमन धुलाईत आला.

"मास्तरीणबाई, गेटवर ती रेडिओ आलीय. म्हणते तुम्हाला बोलवा. क्रेट पडला तो तुम्ही बघितला होता, एवढं फक्त साहेबांना सांगा म्हणते."

मास्तरणीच्या हातात ब्रश होता. "सांग, मी कामात आहे," ती म्हणाली.

वॉचमन गेला. क्रेट घासताना तिने स्वतःची समजूत घातली, की दाखला आहे तर होईल तिचं काम, आपण मधे कशाला? माणूस स्वतःशी खोटं बोलतो तेव्हा त्याला साक्षीदाराची गरज नसते, हे एक बरं असतं. दुपारी घरी जाताना ती मागच्या फाटकाने गेली.

महिनाभरात कायम नोकरीतल्या बायकांना स्वतंत्र बूट मिळाले. सगळ्या मास्तरणीला दुवा देत होत्या. दोघी-तिघींनी मात्र तिच्याशी बोलणं टाकलं, आणि त्यांच्याकडे बघायचं तिने टाकलं.

मग तिने त्या नखासाठी जिवाचं रान केलं. गोळ्या वेळेवर, रक्ततपासणी वेळेवर. रोज संध्याकाळी पाय धुवायचे, बेचक्या कापसाने टिपायच्या, घासपट्टीने नख घासायचं, औषधाचा थर लावायचा, वाळेपर्यंत पाय पाटावर ठेवून बसायचं. सहा जोडी सुती मोजे घेतले, उकळत्या पाण्यात धुतले. नवं नेलकटर आणून न्हाणीघरातल्या खिळ्याला अडकवलं. सर खुर्चीत बसून हे सगळं बघायचे आणि म्हणायचे, "शिस्त असली की सगळं होतं." नख इतकं सावकाश वाढतं की बघणाऱ्याची कीव यावी. पण मुळाशी चंद्रकोरीएवढं गुलाबी नख आलं, पुढे सरकलं, पिवळं पुढे ढकलत गेलं. तेराव्या महिन्यात शेवटचा पिवळा तुकडा तिने कापून टाकला. डॉक्टरीणबाईने पाठ थोपटली. त्या दिवशी मास्तरीण घरी येऊन बराच वेळ नुसती आपल्या पायाकडे बघत बसली. झालं ते झालं, पण कारण खरं होतं, असं तिला त्या स्वच्छ नखाने सांगितलं. बूट वेगळे झाले, बुरशी गेली. म्हणजे ती रेडिओचीच होती. आणखी काय पुरावा हवा?

चार महिन्यांनी नखाच्या कोपऱ्यावर पुन्हा पिवळा ठिपका आला.

डॉक्टरीणबाईने या वेळी सरळ विचारलं, "काकू, काकांना आणलं नाहीत ना तुम्ही?"

"ते नाही येणार हो."

"मग घरी त्यांचे पाय बघा तरी."

सांगायला सोपं. एवढ्या वर्षांच्या संसारात तिने सरांना जेवण गरम करून दिलं, त्यांचे मोजेही धुतले, पण मोजे काढून दाखवा म्हणायची तिची छाती झाली नाही. ते काम डेअरीच्या बॉयलरने केलं. एका सकाळी तो बंद पडला, गरम पाणी नाही म्हणून पाळी दहालाच सोडून दिली. ती अवेळी घरी आली. दार लोटलेलं होतं. मागच्या पडवीत सर खुर्चीवर बसले होते, पाय घमेल्यातल्या पाण्यातून नुकते काढलेले, एक पाय गुडघ्यावर घेतलेला. मोजे बाजूला वाळत पडले होते. हातात तिचं नेलकटर होतं.

दहाच्या दहा नखं. जाड, पिवळीतपकिरी, वाकडी, थरावर थर चढलेली. तिच्या अंगठ्याचं जे वर्षभर झालं होतं ते यापुढे काहीच नव्हतं.

सरांनी पटकन पाय खाली घेतला. "तू इतक्या लवकर कशी?"

"किती वर्षं झाली?" तिने विचारलं.

"वयाने होतात नखं अशी. आमच्या वडिलांचीही..."

"अहो, मी वर्षभर हेच खरवडत बसले होते. मला शिकवू नका. किती वर्षं?"

सर घमेल्याकडे बघत हळूच म्हणाले, "शाळेत होतो तेव्हापासून. डॉक्टरला दाखवलं होतं एकदा. गोळ्या दिल्या होत्या त्याने, महिनाभर घेतल्या. मग शाळेचं ते सगळं सुरू झालं, राहून गेलं."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं हे काय आहे."

"माहीत म्हणजे..."

"माहीत होतं. आणि अर्ज लिहिलात."

"तू म्हणालीस तिचं नख काळं आहे म्हणून लिहिला. सही तू केलीस."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या हातातली वस्तू हिसकावून घेतली आणि ते नेलकटर परसात भिरकावलं. "सोमवारी सोमवारी पोरांच्या बोटांवर पट्ट्या मारल्यात! स्वतः बुटात हे लपवून!"

सरांचा चेहरा उतरला. "त्यासाठीच लपवलं ना," ते म्हणाले. "पोरांना कळलं असतं तर?"

त्या माणसाचा तिला राग आला, किळस आली आणि थोडी दयाही आली, आणि दया आल्याचा जास्त राग आला. कारण सही तू केलीस हे खोटं नव्हतं. सर खोटे होते, पण ते वाक्य खरं होतं.

दुसऱ्या दिवशी पाळी संपल्यावर ती सुपरवायझरच्या खोलीत गेली. उभ्याउभ्याच सांगितलं: बुरशी माझ्या घरातली आहे, नवऱ्याची. रेडिओचा काही संबंध नाही. तिच्या पायावर क्रेट पडला तो मी पाहिला होता, मीच उचलला होता.

सुपरवायझरने खुर्ची मागे घेतली. "मास्तरीणबाई, दीड वर्षाने सांगताय?"

"आता कळलं."

"क्रेटचंही आता कळलं?"

"हे बघा," तोच पुढे म्हणाला. वाईट माणूस नव्हता तो, फक्त स्वतःची कातडी वाचवणारा होता. "तिच्या जागेवर आलेली मुलगी गेल्या आठवड्यात सोडून गेलीय. जागा रिकामी आहे. तुम्ही हे सगळं लिहून दिलंत तर तिच्या नावावरचा शेरा मी काढतो, सोमवारपासून येऊ दे तिला. पण मग तुमचा कागद माझ्याकडे राहणार. तुमच्या पायाला आज बुरशी आहे, बरोबर? तुम्हीच आणलेल्या अर्जावरून नियम झालाय, संसर्ग असेल त्याने घरी बसायचं, डॉक्टरचा दाखला मिळेपर्यंत. नख निघायला किती लागतं म्हणालात?"

"वर्ष. दीड वर्षसुद्धा."

"बिनपगारी. आणि शिवाय खोटा अर्ज केल्याची चौकशी लागेल. निवृत्तीला किती राहिलीत तुमची?"

"तीन वर्षं."

त्याने कोरा कागद आणि पेन तिच्याकडे सरकवलं. तिने पेन हातात घेतलं. वर तारीख घातली. मग तिला घर दिसलं, खुर्चीतले सर दिसले, बिनपगारी दीड वर्ष दिसलं, बायकांच्या ओळीत बाकावर बसून मोजे काढणारी ती स्वतः दिसली. तिने पेन खाली ठेवलं.

"विचार करून सांगते," ती म्हणाली.

"सोमवारपर्यंत सांगा. नाहीतर मी दुसरं माणूस घेतो." त्याने कागद परत घेतला आणि तिने घातलेल्या तारखेवर काट मारून तोच कागद पुन्हा गठ्ठ्यात ठेवला.

तिथून ती सरळ रेडिओकडे गेली. का गेली हे तिला नीट सांगता आलं नसतं. मनावरचा भार कुठेतरी उतरवायचा होता, आणि तो उतरवायला तिला तीच जागा सापडली.

रेडिओची एकच खोली. एका बाजूला वडिलांची खाट, म्हातारा भिंतीकडे तोंड करून पडलेला. दुसऱ्या बाजूला शिवलेल्या शर्टांचा डोंगर, आणि त्याच्या पायथ्याशी बसून रेडिओ लोंबणारे धागे कापत होती. घरबसल्या मिळणारं काम, नगावर पैसे. पंख्याने उडालेले धागे तिच्या केसांत, साडीवर, बोटांना गुंडाळलेले. मास्तरीण दारात दिसली तशी तिची कात्री थांबली. ये म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. मास्तरीण चपला दाराबाहेर काढून आत येऊन बसली.

"बाबा कसे आहेत?"

"आहेत."

अकरा वर्षांत रेडिओच्या तोंडून एका शब्दाचं उत्तर तिने ऐकलं नव्हतं. मग मास्तरीणच बोलत सुटली. नेलकटर, पडवी, घमेलं, दहा नखं, सगळं. अर्ज सरांनी लिहिला होता हेही, आणि ती ओळ वाचून मी सही केली हेही. गेटवर तू आली होतीस तेव्हा माझ्या हातात नुसता ब्रश होता, हेसुद्धा तिने सांगितलं. सांगता सांगता तिला रडू फुटलं. "माझं चुकलं गं. तुझं काही नव्हतं. मला माहीत होतं तुझं काही नव्हतं. आज सुपरवायझरला सगळं सांगून आले मी."

रेडिओने हातातला शर्ट बाजूला ठेवला.

"साहेबाला सांगितलंस?"

"हो."

"क्रेटचं? दाखल्याचं?"

"सगळं. तुझी जागा रिकामी आहे म्हणाला. शेरा काढतो म्हणाला, सोमवारपासून..."

रेडिओ उठून उभी राहिली. अंगावरचे धागे तिने भराभर झटकले, आणि तिचा जुना आवाज एकदम परत आला. "अगं मग हे आधी सांगायचं की! मघापासून काय नखं सांगत बसलीयस? बाबा, ऐकलंत का? सोमवारपासून डेअरी! दुपारची पाळी असली की सकाळी तुमचं सगळं आवरून जाता येतं मला. या धाग्यांनी डोळे गेले गं माझे, दिवसाला शंभर शर्ट कापले तरी औषधाला पुरत नाही. जाऊ दे, झालं गेलं. तुझा राग होता मला, खोटं नाही सांगत, रोज शिव्या घालायचे तुला. पण तू स्वतः जाऊन सांगितलंस, तोंडावर. कोण सांगतं असं? थांब, चहा टाकते."

"ऐक ना," मास्तरीण म्हणाली.

"दूध आहे थोडं. डेअरीचंच आहे, तूच धुतलेल्या क्रेटमधून आलेलं," रेडिओ हसली. पातेलं शेगडीवर चढलंसुद्धा. "सोमवारी किती वाजता बोलावलंय? काही कागद लागेल का? माझा दाखला आहे अजून, मी फेकला नाही."

"कागद माझा लागेल. मी लिहून द्यायचा."

"मग? दिलास ना?"

मास्तरणीने डोळे पुसले. खाटेवरचा म्हातारा कूस बदलून तिच्याकडे बघत होता.

"लिहून दिलं तर मला घरी बसवणार गं ते. वर्षभर तरी. पगाराशिवाय. वर चौकशी. माझी तीन वर्षं राहिलीत आणि सरांचं तर तुला माहीतच आहे, ते काही..."

"दिलास की नाही?"

"नाही."

रेडिओने शेगडी बंद केली. पातेल्यातलं दूध तिने पुन्हा भांड्यात ओतलं, एक थेंब सांडू न देता, आणि झाकण ठेवलं.

"मग माझ्याकडे कशाला आलीस?"

"माफी मागायला."

"मागितलीस. आता?"

मास्तरीण उठली. दारात चपलेचा पट्टा लावताना तिला बक्कल सापडत नव्हतं. आत कात्री पुन्हा चालायला लागली होती. वडिलांनी काहीतरी विचारलं, आणि रेडिओ त्यांना म्हणाली, "कुणी नाही बाबा. चुकून आल्या होत्या."